नाळेबा

सिताबाईला एकच लेक, मोनिका. आणि या एकुलत्या एका लेकीला तिनं लग्नानंतर कधी मुक्कामाला म्हणून ठेवून घेतलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, हे काय कुणाला सांगायला लागतं? मोनिकाचं सासरी, जिल्ह्यातल्याच वाशीला झालं. दिवाळीला आलीच तर सकाळी यायचं, करंज्या खायच्या, आणि ऊन कललं की माय पिशवी हातात द्यायची. "मोने, ऊठ. दिवे लागायच्या आत वाशीची गाडी धर." राहते की एक रात्र, म्हटलं की उत्तर ठरलेलं, "उद्या बघू." आता जी पोरगी आज निघालीय, तिचं ही बाई उद्या काय बघणार? मोनिका दर वेळी एसटीच्या खिडकीशी बसून रडायची आणि वाशी आली की तोंड पुसून उतरायची. आपण आईला नकोशा आहोत हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

म्हणून अमरनाथचा फोन आला तेव्हा तिला राग आधी आला आणि काळजी नंतर.

अमरनाथ म्हणजे बिल्डिंगच्या मालकाचा, शांतलिंग शेटजींचा मुलगा. धाराशिवच्या जुन्या बाजारात खाली त्यांचं भुसार मालाचं गोदाम होतं. वर दोन मजले भाडेकरूंचे, एकेका बिऱ्हाडाला एकेक खोली आणि पुढं सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी.

"ताई, बिल्डिंग पाडायचीय परवा," अमरनाथ म्हणाला. "सगळी बिऱ्हाडं गेली. तुमच्या आईच तेवढ्या हलंनात. आणि अजून एक सांगतो, रागावू नका. रोज संध्याकाळी त्या कुणाशी तरी बोलत असतात. दाराला तोंड लावून. वर तर दुसरं कुणीच न्हाय."

"वय झालंय तिचं," मोनिकानं तोडून टाकलं. पण दुसऱ्याच दिवशी तिनं शाळेतल्या क्लार्कच्या नोकरीवरून रजा टाकली, धाराशिवातला एक टेम्पो दुपारचा सांगून ठेवला आणि सुट्टी होती म्हणून पोरीला, अक्षदाला, बरोबर घेतलं. वाशीत नुकतंच नवं घर बांधलं होतं. मायला घेऊनच यायचं, ती हो म्हणो की नाही म्हणो, असं ठरवून ती निघाली.

जिन्यात पाय ठेवला आणि तुरीच्या पोत्यांचा वास नाकात शिरला. गोदाम केव्हाच रिकामं झालं होतं, वास मात्र भिंती धरून बसला होता. "मम्मी, तू इथं राहायचीस?" अक्षदानं नाक मुरडत विचारलं. राहायची म्हणजे काय, मोनिकाला लहानपणी आपलं घर कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं हेच नीट कळायचं नाही. कुणाच्या फोडणीत लसूण जास्त पडला, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं भिंतीपलीकडून कळायचं. नळाला आठवड्या-आठवड्यानं पाणी यायचं. ज्या बाईला आधी चाहूल लागायची ती उलथन्यानं गॅलरीचा कठडा बडवायची, मग घागरी, बादल्या आणि मनमोकळ्या शिव्या. जेवायला ज्या घरात ताट वाढलेलं दिसेल तिथं बसायचं. शेजारच्या धनाजीच्या पाठीवरचे धपाटे मोनिकानं खाल्ले होते आणि मोनिकाच्या वाटचा गूळ धनाजीनं.

धनाजी तिच्याच वयाचा, सगळ्या पोरांचा म्होरक्या. त्याचा मामा तेरखेड्याला फटाक्यांच्या कामावर होता. मामा आला की पिशवीभर फुसके फटाके घेऊन यायचा, आणि धनाजी ते फोडून आतली बारूद कागदावर काढून पेटवायचा. त्याच्या बोटांना बारा महिने बारुदीचा वास यायचा. जिना उतरताना तो कठड्यावर हाताची थाप मारत उतरायचा, थाड, थाड, थाड, म्हणजे वरच्या मजल्याला कळायचं की धन्या खाली निघाला.

जिन्याच्या वळणावर मीटरच्या पेट्यांखाली एक कोनाडा होता. तो अजून तसाच होता. मोनिका तिथं थबकली. या कोनाड्यात त्यांचा नाळेबा राहायचा.

त्याचं असं झालं. गॅलरीच्या टोकाला शरणम्मा राहायची, गोदामात माल तोलणाऱ्या गुंडाप्पाची बायको. उमरग्याकडची, घरात कानडी बोलायची, पण शाळा मराठीत झालेली, त्यामुळं कानडी लिहायचं झालं तरी मराठी अक्षरांत लिहायची. पोरांवर लई जीव. पुरणाचे कडबू केले की गॅलरीतून ओरडायची, "इवत्तु कडबू," म्हणजे आज कडबू. पोरांना कानडी येत होतं ते एवढंच. इवत्तु म्हणजे आज, आणि आज म्हणजे पळत सुटायचं.

या शरणम्माच्या दारावर खडूनं दोन शब्द लिहिलेले असायचे. नाळे बा. एका उन्हाळ्यात ती बहिणीच्या बाळंतपणाला माहेरी गेली, आणि रिकाम्या दारापुढं बसून पोरांनी खल सुरू केला की हे काय असावं. धनाजीनं निकाल दिला. "देव हाय त्यो. खंडोबा, म्हसोबा, तसा नाळेबा." झालं. कोनाड्यात एक दगड ठेवला, त्याला कुंकू लावलं, पुढं शेंगदाणे आणि एक फुसका फटाका नैवेद्य म्हणून ठेवला. आणि देवाला बोलवायचं म्हणून रोज दिवेलागणीला सगळी टोळी दारोदार फिरायला लागली. दार वाजवायचं, "नाळेबा, नाळेबा" म्हणून ओरडायचं आणि पळायचं. सगळा उन्हाळा हाच धंदा. मोठी माणसं आधी हसली, मग वैतागली, मग कुणी लक्ष देईना.

शरणम्मा परत आली त्या संध्याकाळी तिनं ते ऐकलं, आणि तिच्या हातातली बादली जिन्यातच कलंडली. तिनं धनाजीचा दंड धरला. "कुणी शिकवलं रे हे? काय म्हणायलाव, ठाव हाय का? उद्या ये म्हणायलाव. माझ्या दाराला लिहिलंय त्ये दारात आलेल्याला परत लावायला. तुमी न आलेल्याला बोलवायलाव. रोज. दारोदार."

पोरं खो-खो हसली. शरणम्मा मात्र रडायला लागली, आणि त्या रडण्याचंच मोनिकाला तेव्हा लई नवल वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिवे लागायला धनाजीची आई गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. धनाजी घरात होता. तो अचानक "आलो, आलो गं" म्हणत बाहेर आला आणि आईच्या समोरून जिन्याकडं पळाला. आई म्हणाली, मी कुठं हाक मारली? तो कोनाड्यापाशी बसलेला सापडला, अंगात ताप घेऊन. "मला खालून आईनं बोलवलं," एवढंच सांगत होता. दवाखाना झाला, सलाईन झालं. तो घरी आलाच नाही.

आणि मग एका संध्याकाळी मोनिकाच्या दारावर टकटक झाली. "मोने, येतीस का?" धनाजीचाच आवाज. लहान पोरांना मेलेलं माणूस म्हणजे काय ते कुठं नीट कळतं? मोनिका आनंदानं उठली. कडीला हात घातला तेवढ्यात मायनं तिची वेणी धरून तिला मागं ओढलं. दाराच्या फटीतून बारुदीचा वास येत होता. पलीकडून शरणम्मा भिंत बडवत ओरडत होती, काहीतरी सांगत होती, आणि माय दाराला तोंड लावून काहीतरी बोलत होती. पुढचं मोनिकाला आठवत नव्हतं. तिलाही ताप भरला होता, असं सगळे म्हणायचे. बरी झाल्यावर मायनं तिला वाशीला मावशीकडं शिकायला नेऊन टाकलं, आणि मोनिका ते टाकणं कधी विसरली नाही. आवाजाचं म्हणाल तर मोठी झाल्यावर तिनं तो तापाच्या खाती टाकून दिला.

माय दारातच उभी होती. वाळलेली, पण ताठ, दाताला मिश्री लावलेली. लेकीला बघून तिचा चेहरा उजळला, आणि मागून अक्षदा पुढं आली तसा तो पार उतरला.

"पोरीला कशाला आणलंस?"

इतक्या महिन्यांनी नातीला बघून आजी हे बोलली. मोनिकानं राग गिळला आणि आत गेली. जाताना तिचं लक्ष दाराकडं गेलं. दाराचं लाकूड दिसतच नव्हतं. खडूवर खडू, खडूवर खडू, सगळं दार पांढरं झालं होतं, आणि त्यावर आज सकाळी लिहिलेली ताजी अक्षरं होती. नाळे बा.

दोघींनी भांडी पोत्यात भरली, अंथरुणं बांधली. माय सारखी गॅलरीतल्या उन्हाकडं बघत होती. टेम्पोवाल्याचा फोन आला की चाक बसलंय, जरा उशीर होईल. तशी माय म्हणाली, "तू पोरीला घिऊन रिक्षानं स्टँडवर जा, मोने. सामानासंगं म्या उद्या येते."

आणि मोनिकाचा बांध फुटला. "उद्या, उद्या, उद्या. माय, तुला मी नकोच होते का गं? लहानपणी मावशीकडं टाकलंस, बाळंतपणाला बोलवलं न्हाईस, एक रात्र कधी कुशीत झोपू दिलं न्हाईस. असं काय केलं होतं मी तुझं?"

अक्षदा घाबरून पोत्यामागं सरकली. माय खाली बसली. मग नळाला पाणी कधी आलं हे सांगावं इतक्या साध्या आवाजात तिनं सांगितलं.

"त्यो अजून येतोय, मोने. धन्या. रोज, दिवं लागताना. तुला बोलवतोय. म्या नाळे बा म्हणते, मग जातोय. शरणम्मानं शिकवलं होतं मला. जा म्हणायचं न्हाय, न्हाय म्हणायचं न्हाय, उद्या ये म्हणायचं. कानडीतच म्हणायचं, कारण तुमी त्येला कानडीत बोलवलं. दारात उत्तर द्यायला कुणी न्हाय दिसलं तर त्ये हुडकत निघतंय म्हणं. म्हणून म्या हितनं हलले न्हाय. आन तू दिवं लागताना हितं नसावंस, एवढंच बघितलं."

मोनिका तिच्याकडं बघत राहिली. तिचा विश्वास बसला नाही. माझी आई या रिकाम्या बिल्डिंगीत एकटी राहून वेडी झाली आणि मी रुसून बसले, असं वाटून तिला भडभडून आलं. तिनं मायला जवळ घेतलं. माय तिच्या कुशीत लाकडासारखी बसून होती आणि दाराकडं बघत होती. बोलता-बोलता गॅलरीतलं ऊन कधी गेलं ते दोघींना कळलं नाही.

खाली बाजारात एकेक दिवा लागला. आणि जिन्यात पावलं वाजली, कठड्यावर थाप मारत वर येणारी. थाड, थाड, थाड. दारावर टकटक झाली.

"मोने, येतीस का?"

तोच आवाज, आठ-नऊ वर्षांच्या पोराचा. इतक्या वर्षांत एका दिवसानंही वाढला नव्हता. दाराच्या फटीतून बारुदीचा वास आत आला. हे तापातलं नव्हतं. ती आता ठणठणीत होती.

"मम्मी, तुला कोण बोलवायलंय?" अक्षदा म्हणाली आणि पोत्यामागून उठून दाराकडं निघाली.

"अक्षदा, थांब," मोनिका ओरडली.

बाहेरून तो पोरगा हळूच, नाव जिभेवर घोळवून बघावं तसं म्हणाला, "अक्षदा." आणि मग गोड आवाजात, "अक्षदा, तूबी ये की खेळायला."

मायनं डोळे मिटले. मोनिकाला वाटलं, आता ही नाळे बा म्हणेल. पण उद्याचं त्याला सांगणार कुठून? उद्या दार नसणार, भिंत नसणार, आणि आता त्याच्याकडं दोन नावं होती. माय उठली. पदर नीट केला. अक्षदाच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मोनिकाच्या गालाला, कित्येक वर्षांनी, तिनं आपली खडूनं पांढरी झालेली बोटं लावली.

"लई वाटायचं गं तुला ठिऊन घ्यावं," ती म्हणाली.

मग दाराला तोंड लावून ती बोलली, "इवत्तु बा."

इवत्तु म्हणजे आज. मोनिकाला ते कळायला एक क्षण जास्त लागला. तेवढ्यात माय दार उघडून बाहेर पडली होती, आणि बाहेरून कडी लागली होती. "ह्या दोघी न्हाईत येत. चल, म्या येते," असं ती कुणाला तरी समजावत होती. थाप मारणारा हात जिना उतरायला लागला आणि त्याच्या मागं मायच्या चपला. मोनिकानं दार बडवलं, लाथा घातल्या, घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. वळणापाशी दोन्ही आवाज थांबले.

टेम्पोवाल्यानं येऊन कडी काढली. "मावशी जिन्यात बसल्यात, बोलंनात," तो म्हणाला. माय कोनाड्याला पाठ टेकून बसली होती, दमून टेकावं तशी. हात गार पडला होता. मुठीत शेंगदाणे होते आणि बोटांना बारुदीचा वास येत होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, वय होतं.

बिल्डिंग पाडली. वाशीत तेरावं झालं, पाहुणे गेले, मोनिकाचा नवरा भागवत कामावर जायला लागला. आईनं आपला जीव देऊन ते मिटवलं, असं मोनिका रोज स्वतःला सांगायची आणि तेवढ्यावर भाकरी घशाखाली उतरायची. आपण नकोशा नव्हतो, उलट एवढ्या हव्या होतो, हे कळायला किती उशीर झाला म्हणून रोज रडायची.

अशाच एका संध्याकाळी ती कणीक मळत होती. अक्षदा पाटीवर गणितं करत होती. देवापुढं दिवा लावला आणि दार वाजलं. नव्या दारावर भागवतनं हौसेनं सुस्वागतम् लिहिलेली पट्टी चिकटवली होती.

"मोने, दार उघड की. राहायला आले गं. आता मुक्कामच करते."

मायचाच आवाज होता. जिना चढून आल्यावर लागायची तशी जराशी धाप लागलेला. दाराच्या फटीतून मिश्रीचा वास आला. हेच शब्द ऐकायला ती सगळं आयुष्य एसटीच्या खिडकीशी रडली होती. कणकेचा हात कडीवर कधी गेला ते तिला कळलंच नाही.

"आजी आली," अक्षदा म्हणाली आणि उठली.

मोनिकानं पोरीच्या तोंडावर हात दाबला आणि तिला पोटाशी आवळलं. ती दाराला कपाळ टेकून उभी राहिली. पलीकडं, बोटभर अंतरावर, कुणीतरी श्वास घेत होतं.

"नाळे बा," ती म्हणाली. दोन शब्द, पण म्हणताना जीव निघाला.

पलीकडून माय नेहमी म्हणायची तसंच उत्तर आलं. "बरं. उद्या बघू." चपला हळूहळू फाटकाकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत मोनिकानं अक्षदाची पिशवी भरली. तेरखेड्याला नणंदेकडं तिला पाठवायचं होतं, शाळाही तिथंच. दारावरची पट्टी तिनं खरवडून काढली होती आणि तिच्या जागी पोरीच्याच खडूनं दोन शब्द लिहिले होते. स्टँडवर भागवत पोरीला घेऊन गाडीत चढला. तो काय समजायचा ते समजला होता. अक्षदानं खिडकीतून मोनिकाचा हात धरून ठेवला.

"मम्मी, आजी यायलीय ना आपल्याकडं? मग मी का जाऊ? मी राहते की."

मोनिकानं एकदा सूर्याकडं बघितलं आणि पोरीची बोटं आपल्या हातातून सोडवली.

"उद्या बघू," ती म्हणाली.